आशेचा सराव

२ जुलै २०१८ रोजी दिल्लीतल्या त्यागराज स्टेडियममध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत दिल्ली सरकारने ‘हॅपिनेस करिक्युलम’ सुरू केला आणि सरकारी शाळांच्या वेळापत्रकात आनंदाचा एक स्वतंत्र तास आला. सुमारे हजार शाळा, नर्सरी ते आठवीची लाखो मुले, आणि पहिलीपासून पुढे हा तास रोजचा. त्याची आखणी साधी होती. सुरुवातीला काही मिनिटे डोळे मिटून शांत बसायचे, कानावर पडणारे आवाज ऐकायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचे. मग एखादी गोष्ट किंवा कृती आणि तिच्यावर मोकळ्या गप्पा. शेवटी पुन्हा मिनिटभर शांतता. पाठांतर नाही, परीक्षा नाही, गुण नाहीत. अमरकंटकचे विचारवंत ए. नागराज यांच्या ‘मध्यस्थ दर्शना’तून या अभ्यासक्रमाने आपला पाया घेतला होता. इंद्रियांतून मिळणारे सुख क्षणाचे, नात्यांतून मिळणारे त्याहून खोल आणि समजेतून मिळणारे टिकाऊ, अशा तीन पायऱ्या त्यात मानल्या होत्या. एखाद्या भारतीय सरकारने एवढ्या मोठ्या संख्येने मुलांच्या मनाची दखल वेळापत्रकात घ्यावी, ही मोठी गोष्ट होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्या तासाने एक जुना प्रश्न नव्याने पुढे आणला. चांगला विचार करायला शिकवता येते का? शिकवता येत असेल, तर नेमके काय शिकवायचे? गेल्या साठेक वर्षांत या प्रश्नावर इतके संशोधन झाले आहे की आज त्याचे बऱ्यापैकी ठाम उत्तर देता येते. शिकवता येते, मात्र आपण ज्याला रूढ अर्थाने ‘सकारात्मक विचार’ म्हणतो, ते शिकवण्याजोगे नाही आणि शिकवूही नये.

गोंधळ शब्दापासूनच आहे. ‘पॉझिटिव्ह राहा’ या दोन शब्दांत आपण किमान चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. स्वतःबद्दल चांगली वाक्ये मनाशी घोकणे ही एक. यशाचे चित्र डोळ्यांसमोर रंगवणे ही दुसरी. आपल्याला हे जमेल असा अनुभवावर उभा राहिलेला भरवसा ही तिसरी. आणि वाईट घडल्यावर त्याचा अर्थ तपासून लावण्याची सवय ही चौथी. नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकन धर्मोपदेशकाचे १९५२ सालचे गाजलेले पुस्तक आणि त्याच्या पठडीतली, आज भारतीय भाषांत भाषांतरित होऊन रेल्वे स्टेशनावरच्या स्टॉलवर विकली जाणारी पुस्तके बहुतेक करून पहिल्या दोन गोष्टींवर भर देतात. संशोधनाचा कौल मात्र शेवटच्या दोन गोष्टींच्या बाजूने आहे. जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य मनाशी म्हणायला सांगितले होते. ज्यांना स्वतःविषयी आधीच बरे वाटत होते त्यांना थोडा फायदा झाला. ज्यांच्या मनात स्वतःविषयी कमीपणा होता, म्हणजे ज्यांना या वाक्याची खरी गरज होती, त्यांना ते म्हटल्यावर उलट अधिक वाईट वाटले. कारण उघड आहे. न पटणारे वाक्य मन गिळत नाही. ते लगेच त्याच्याविरुद्धचे पुरावे काढून समोर ठेवते. नको असलेला विचार ढकलून देण्याचीही हीच गत. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, आणि ते अस्वल पुन्हा पुन्हा मनात येत राहिले. ‘निगेटिव्ह विचार करू नकोस’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे यशाची चित्रे रंगवण्याचा, अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी अनेक वर्षे केला. वजन कमी करण्याच्या उपचारात सहभागी झालेल्या स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास १९९१ मध्ये आला. ज्यांना आपण वजन कमी करू असा भरवसा होता त्यांचे वजन जास्त उतरले. ज्या सडपातळ झाल्याची गोड चित्रे रंगवत होत्या त्यांचे कमी उतरले. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांतही पुढे हेच दिसले. दोन वर्षांनी पाहता, छान नोकरीची स्वप्ने रंगवणाऱ्यांना नोकऱ्यांचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी मिळाला होता. भरवसा आणि दिवास्वप्न बाहेरून सारखेच दिसतात, पण त्यांचा परिणाम उलटा होतो. भरवसा मागच्या अनुभवावर उभा असतो. दिवास्वप्नात मात्र गोष्ट मिळाल्याचे सुख आत्ताच मिळून जाते, आणि कष्टासाठी लागणारी अंगातली ओढ सैल पडते.

हा फरक दिल्लीत जिथे सर्वांत ठळक दिसतो ती जागा मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. जुने राजेंद्रनगर, करोलबाग, मुखर्जीनगर. सोलापूर, बीड, नांदेड, गडचिरोलीची शेकडो मुलेमुली यूपीएससीच्या तयारीसाठी इथल्या छोट्या खोल्यांत राहतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या राज्याच्या संस्था त्यांच्यातल्या अनेकांच्या शिकवणीचा आणि राहण्याचा भार उचलतात. २०२३च्या नागरी सेवा परीक्षेचे आकडे पाहा. अर्ज १०,१६,८५०. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेला पात्र १४,६२४. मुलाखतीला २,८५५. शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे पूर्वपरीक्षेला बसलेल्या दर ५८३ जणांत एक. या आकड्यांसमोर ‘मी होणारच’ हे वाक्य भिंतीवर चिकटवून काय साधते? मसुरीच्या प्रशासकीय अकादमीचा फोटो रोज सकाळी पाहून काय साधते? सुरुवातीचे काही महिने उत्साह, आणि निकालाच्या दिवशी दुप्पट उंचीवरून पडणे. खुल्या गटातल्या उमेदवाराला सहा संधी आणि बत्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे. तिशीच्या उंबरठ्यावर चौथ्या-पाचव्या अपयशाला सामोरा जाणारा मुलगा स्वतःच्या इच्छाशक्तीत खोट होती असे मानू लागतो, कारण इच्छाशक्ती असेल तर सगळे मिळते असेच त्याला सांगितलेले असते. सकारात्मक विचाराची ही सर्वांत वाईट बाजू आहे. जे नशिबाने किंवा संख्येने हुकले, त्याचाही दोष ती माणसाच्या मनावर टाकते.

मग त्या मुलाला शिकवण्याजोगे काय आहे? निकालाच्या संध्याकाळी त्याच्या मनात येणारी वाक्ये जवळून पाहू. ‘यंदाही गेलं. माझं काही होणार नाही. घरी तोंड कसं दाखवू?’ तिन्ही वाक्ये एका दमात येतात, म्हणून तिन्ही सारखीच खरी वाटतात. पण ती एका जातीची नाहीत. पहिले वाक्य घडलेली गोष्ट आहे. ते सकारात्मक करायला जाऊ नये, ते सोसावे लागते. दुसरे भाकीत आहे, आणि त्याला पुरावा एकाच परीक्षेचा आहे. इतक्या वर्षांत त्याने इतिहास, राज्यव्यवस्था, अर्थशास्त्र वाचले, निबंध लिहिले, इंग्रजी सुधारले. यातले काहीही त्या निकालाने पुसलेले नाही. तिसरे वाक्य दुसऱ्याच्या मनाबद्दल आहे. आई नेमके काय म्हणेल हे त्याला ठाऊक नाही, त्याने ते स्वतःच ठरवून टाकले आहे. हे तीन धागे सुटे केले की दुःख राहते, पण त्यावर चढलेला हताशपणाचा थर उतरतो. ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ असे म्हणायची यात गरज पडत नाही. वाईटाला वाईटच म्हणायचे, मात्र त्याच्या नावावर नसलेला गुन्हा त्याच्या माथी मारायचा नाही, एवढेच यात आहे.

ही पद्धत मराठीला नवी नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा असा की प्रसंग आणि भावना यांच्या मधे आपला विचार उभा असतो, आणि तो तपासता येतो. हा धागा त्यांनी प्राचीन स्टोइक तत्त्ववेत्ता एपिक्टेटस याच्याकडून घेतला होता. मुंबईचे किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, त्यांच्या पद्धतीचे शिक्षण भारतात रुजवले आणि मराठीत ती समजावून सांगितली. डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीच लिहिली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने ही भाषा व्याख्यानांतून आणि शिबिरांतून घराघरांत नेली. त्याही आधी, सतराव्या शतकात, रामदासांनी दोनशे पाच श्लोकांत थेट स्वतःच्या मनाशीच संवाद मांडला होता, तेव्हा मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. एलिस यांनी त्यात भर घातली ती पुराव्याची. मनाला उपदेश करून भागत नाही, त्याला प्रश्न विचारावा लागतो. हे कशावरून? दुसरा अर्थ निघतो का? आणि अगदी वाईट झालेच, तर मी त्यातून जगूच शकणार नाही का? एलिस यांच्या पाठोपाठ आरन बेक यांनी याच दिशेने जी उपचारपद्धती बांधली, ती आज नैराश्य आणि चिंता यांवरची जगातली सर्वांत कसून तपासलेली पद्धत आहे.

पण नुसते विचार तपासणेही पुरत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा धडा इथे आहे. १९६७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी दाखवले की ज्या प्राण्याला टाळता न येणारा त्रास पुन्हा पुन्हा होतो, तो पुढे सुटकेची वाट उघडी असतानाही पडून राहतो. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटले. हताशपणा शिकला जातो, म्हणजे आशाही शिकता येईल, असा त्यातून निष्कर्ष निघाला आणि त्यावर सेलिग्मन यांची पुढची सारी मांडणी उभी राहिली. २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपले जुने म्हणणे उलटे केले. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणे हे मेंदूला शिकावे लागत नाही, ते मुळातच असते. शिकावे लागते ते दुसरेच. माझ्या करण्याने काही बदलते, हे. पन्नास वर्षांनी स्वतःचाच सिद्धांत असा मोकळेपणाने दुरुस्त करणारे शास्त्रज्ञ थोडे असतात. या दुरुस्तीचा अर्थ आपल्यासाठी फार मोठा आहे. आशा आधी मनात आणायची आणि मग काम करायचे, हा आपला नेहमीचा क्रम उलटा आहे. आधी हाताला जमेल असे काहीतरी करावे लागते. त्याचा परिणाम दिसतो, आणि मग मन आशेवर विश्वास ठेवायला तयार होते.

या क्रमाचा पुरावा परदेशात शोधायला नको. तो गोव्यात आणि दिल्लीतच आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र स्वरूपाच्या नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते; स्थानिक माणसांनाच थोडे प्रशिक्षण देऊन तयार केले होते. भर विचारांवर कमी आणि कृतीवर जास्त होता. कोणती कामे सुटली, कोणती माणसे भेटायची थांबली, त्यातले सर्वांत सोपे काय पुन्हा सुरू करता येईल, हे ठरवायचे आणि करायचे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आलेला हा निकाल जगभर वाचला गेला. त्याच संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या सुमारे २५० मुलामुलींबरोबर दुसरा प्रयोग केला. इथेही समुपदेशक तज्ज्ञ नव्हते. तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटी, आणि हातात चित्रांच्या, गोष्टींच्या तीन पुस्तिका. शिकवायचे होते तीन टप्प्यांत: अडचण नेमकी काय आहे ते लिहायचे, वाटा कोणकोणत्या आहेत ते सुचवायचे, एक निवडून करून पाहायचे. ज्यांना नुसत्या पुस्तिका मिळाल्या त्यांच्यापेक्षा ज्यांना समुपदेशकही मिळाला त्यांच्या अडचणींचा जाच सहा आठवड्यांत स्पष्ट कमी झाला. मानसिक लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र तेव्हा तसा ठळक फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले गेले. मला या प्रयोगातली एक गोष्ट विशेष वाटते. त्या मुलांना कोणीही ‘चांगला विचार कर’ असे सांगितले नाही. अभ्यास जमत नाही, घरात भांडणे आहेत, मैत्रीण बोलत नाही. जे होते ते कागदावर उतरवून त्यातला हलवता येणारा दगड कोणता, एवढेच विचारले.

याच्या शेजारी आनंदाचा तास ठेवून पाहावा. त्या तासात चांगल्या गोष्टी होत्या. शिक्षक मुलाचे म्हणणे गुणांशिवाय ऐकतो, ही त्यातली सर्वांत चांगली. पण अभ्यासक्रम सगळ्या सरकारी शाळांत एकाच दिवशी सुरू झाला, त्यामुळे तो नसलेल्या शाळांशी तुलना करण्याची सोय सुरुवातीलाच गेली. शांत बसण्याच्या सरावापुरते सांगायचे तर ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीकडे पाहता येते. तिथल्या ऐंशीहून अधिक शाळांत, ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या या प्रयोगाचा निकाल २०२२ मध्ये आला. वर्गातल्या सगळ्या मुलांना शिक्षकांनी सरसकट सजगतेचे धडे दिल्याने त्यांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवणुकीपेक्षा जास्त सुधारणा झाली नाही. बहुतेक मुलांनी घरी तो सराव केलाच नव्हता. यावरून आनंदाचा तास बंद करावा असे मी म्हणणार नाही. मुलांच्या मनाला वेळापत्रकात मिळालेली जागा काढून घेऊ नये. दिल्लीत सरकार बदलले तरी नाही. पण त्या जागेत काय भरायचे, याचा विचार आता हाती असलेल्या पुराव्यावर व्हायला हवा. चाळीस मुलांना एकत्र डोळे मिटायला लावण्यापेक्षा, त्यातल्या जाच सोसणाऱ्या चार मुलांना आठवड्यातून वीस मिनिटे एकेकटे भेटणारे माणूस शाळेत असणे अधिक मोलाचे आहे.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप दिल्लीच्या हवेतूनच येतो. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९४वर गेला. मोजपट्टीच संपते पाचशेवर. त्याच वर्षी २७ जुलैला जुन्या राजेंद्रनगरात पावसाचे पाणी तळघरातल्या अभ्यासिकेत शिरून तिघे परीक्षार्थी बुडून गेले. अशा शहरात माणसाला मन घडवायला सांगणे म्हणजे यंत्रणेचा गुन्हा नागरिकाच्या डोक्यावर ठेवणे नव्हे का? लेखिका बार्बरा एहरनराइक यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या सकारात्मकतेच्या संस्कृतीवर नेमका हाच आरोप केला होता, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दिल्लीत करोनाच्या अहवालावर छापून येत होता आणि रुग्णालयांत प्राणवायू संपत होता. ११ ते १५ मे या काळात दिल्लीतून ‘पॉझिटिव्हिटी अनलिमिटेड’ ही व्याख्यानमाला प्रसारित झाली. उद्योगपती, अध्यात्मगुरू, संघटनांचे नेते त्यात बोलले. धीर देण्याचा हेतू समजण्यासारखा होता, पण सिलिंडर शोधत फिरणाऱ्यांना ते शब्द टोचले, आणि त्यांचे टोचणे रास्त होते. त्याच सुमारास गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये एका गुरुद्वाराबाहेर ‘ऑक्सिजन लंगर’ लागला. रस्त्याच्या कडेला गाड्या, रिक्षा उभ्या. सिलिंडरची नळी मागच्या सीटवरच्या माणसाच्या नाकाला. रुग्णालयात जागा मिळेपर्यंतचे काही तास तरी तग धरावा, एवढीच खटपट. शीख परंपरेत ‘चढदी कला’ म्हणजे उमेद खचू न देण्याची वृत्ती, आणि ती रोजच्या अरदास या प्रार्थनेत सर्वांच्या भल्याच्या मागणीसोबतच येते. (गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, तेव्हा ही परंपरा आपल्यालाही परकी नाही.) तिथे उमेद आणि सेवा वेगळ्या काढता येत नाहीत. आक्षेपाचे उत्तर मला या लंगरात दिसते. ज्या आशेने यंत्रणेला जाब विचारण्याची ताकद कमी होते ती आशा खोटी. जी माणसाला नळी हातात धरायला, तक्रार लिहायला, तळघरांच्या परवान्यांची यादी मागायला लावते ती खरी. हताश माणूस जाब विचारत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

दुसरा आक्षेप स्वभावाचा. काही माणसे जन्मतः उमेदीची, काही खिन्न. त्यात बदल काय होणार? स्वीडनमधल्या जुळ्यांच्या १९९२च्या अभ्यासात माणसामाणसांतल्या आशावादाच्या फरकातला साधारण पाव हिस्सा आनुवंशिक दिसला. पाव हिस्सा थोडा नाही, पण बाकीचा पाऊण हिस्सा वाढण्यात, अनुभवात आणि सवयीत आहे. सरावाने फरक किती पडतो हेही फुगवून सांगू नये. सकारात्मक मानसशास्त्राच्या व्यायामांवरच्या एकोणचाळीस अभ्यासांचा २०१३ मध्ये जो एकत्रित आढावा निघाला, त्यात परिणाम लहान आढळला. पण लहान म्हणजे शून्य नव्हे. आशावादी माणसे जास्त जगतात, हे २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे सत्तर हजार परिचारिकांच्या नोंदींवरून दिसले, आणि ते वाक्य आता सगळीकडे फिरते. त्यातून आशावाद शिकल्याने आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही, कारण बरी परिस्थिती माणसाला आशावादीही करते आणि निरोगीही ठेवते. संशोधकांनी आरोग्य, शिक्षण, सवयी यांचा हिशेब केला होता, तरी हा पेच पुरता सुटत नाही.

तिसरा आक्षेप सावध माणसांचा आहे, आणि मला तो आवडतो. वाईट आधीच धरून चालणारा माणूस तयारी चांगली करतो. जुली नोरेम यांनी अशा बचावात्मक निराशावादाचा अभ्यास करून दाखवले की काळजी करणाऱ्या काही लोकांना जबरदस्तीने आनंदी केले तर त्यांचे काम बिघडते. उलट, आपल्या बाबतीत वाईट घडण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आहे असे बहुतेकांना वाटते, हे नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्येच दाखवले होते. त्या भाबडेपणापायीच हेल्मेट घरी राहते आणि छातीतल्या दुखण्याला पित्त समजले जाते. तेव्हा काळजी सरसकट शत्रू नाही. ओटिंगेन यांनी शेवटी जी रीत सुचवली ती या दोन्हींचा मेळ घालते. हवे ते नेमके ठरवायचे, त्याचे चित्र क्षणभर पाहायचे, लगेच माझ्या आतला कोणता अडथळा आड येतो ते पाहायचे, आणि ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे एक वाक्य तयार ठेवायचे. रात्री अकराला मोबाइल हातात आला, की तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावीन. इतके लहान, इतके ठोस. मनाला रोज लावायची शिस्त ती हीच. एक वही, त्यात घडलेली गोष्ट वेगळी, माझा अर्थ वेगळा, आणि उद्या करायचे एक काम. घडलेल्या चांगल्या गोष्टीही त्यात लिहाव्यात, कारण तो पुरावाही खराच असतो आणि खचलेले मन नेमका तोच गाळते.

एका ठिकाणी मात्र वही पुरत नाही. झोप, भूक, कामाची ओढ आठवडेच्या आठवडे गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत आढळले होते. अशा माणसाला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालायला लावणे. दिल्लीत शाहदऱ्याला ‘इहबास’ आहे, ‘एम्स’मध्ये मनोविकार विभाग आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.

महाराष्ट्रातून दिल्लीला मुले पाठवणाऱ्या संस्थांना आणि घरांना म्हणून एक विनंती. शिकवणीची फी, खोलीचे भाडे, पुस्तके यांच्या यादीत आणखी एक ओळ घाला: मराठी बोलणारा एक प्रशिक्षित समुपदेशक, जो महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला भेटेल आणि पहिल्याच भेटीत परीक्षा निघाली नाही तर पुढची वाट कोणती हे त्याच्याकडून लिहून घेईल. गोव्याने दाखवले आहे की त्यासाठी मोठ्या पदव्या लागत नाहीत, नीट दिलेले प्रशिक्षण पुरते. आणि निकालाच्या संध्याकाळी मुलाला फोन कराल तेव्हा ‘पुढच्या वेळी नक्की होणार’ असे म्हणू नका. जेवलास का, ते विचारा, आणि घरी कधी येतोस, ते विचारा.